शांततेलाही शिधा लागतो

भद्रावतीजवळ विजासनच्या टेकडीत जे लेणं आहे त्याची रचना अगदी साधी आहे. दारातून आत शिरायचं, सरळ रेषेत साधारण ७१ फूट चालत जायचं. शेवटी गाभारा, आणि त्यात ओट्यावर बसलेला भव्य बुद्ध. दाराशी डाव्या-उजव्या अंगाला काटकोनात आणखी दोन दालनं फुटतात. ती इतकी खोल नाहीत, पण त्यांच्याही टोकाला बसलेली मूर्ती आहेच. अजिंठ्यासारखी चित्रं इथं नाहीत आणि कार्ल्यासारखा उंच चैत्यही नाही. १८७०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम मध्य प्रांताच्या दौऱ्यावर असताना भांदकला आले आणि या लेण्याची नोंद त्यांनी आपल्या अहवालात केली. भांदक म्हणजेच आजची भद्रावती.

मी मूल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. सहल निघाली की विजासन ठरलेलं. पोरं आत शिरली की आधी आरोळ्या ठोकायची आणि आवाज घुमला की खूश व्हायची. एकदा सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, इथं बसणाऱ्याले जेवण कोण देत होतं?" पुस्तकात लेण्यांचं शतक असतं, राजवट असते, शैली असते, हा प्रश्न नसतो. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मन शांत करण्याचा जो काही इतिहास आहे, तो मला याच प्रश्नातून नीट उलगडत गेला.

बौद्ध भिक्खूंचे नियम पाहिले तर उत्तर तिथंच सापडतं. भिक्खूनं स्वतः शिजवायचं नाही, शिधा साठवायचा नाही, दुपारनंतर जेवायचं नाही. म्हणजे रोज सकाळी पात्र घेऊन गावात जाणं आलं, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत जेवण आटोपणं आलं. म्हणून विहार गावापासून फार लांब नको आणि फार जवळही नको. लांब असला तर उपास घडतो, जवळ असला तर गलबला. विजासनची टेकडी जुन्या भांदक गावापासून मैल-दीड मैलावर आहे. पात्र घेऊन जाऊन यायला हे अंतर बरोबर बसतं. आतला अंधार भिक्खूचा, पण तो अंधार चालायचा गावातल्या चुलीवर.

वैनगंगेच्या काठी पवनीला, म्हणजे आमच्या ब्रह्मपुरीच्या शेजारी, भंडारा जिल्ह्यात, १९६९-७० साली उत्खनन झालं आणि मोठे स्तूप उजेडात आले. त्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली सापडली. ध्यानाला बसणाऱ्याचं नाव कोणी कोरत नाही, देणाऱ्याचं कोरतात. त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या शांततेचा जो लेखी पुरावा उरला आहे तो बहुतेक देणाऱ्यांचाच आहे.

नागभीड तालुक्यातल्या देवटेकचा शिलालेख याहून बोलका आहे. दगड एकच, लेख दोन. पहिला अशोकाच्या काळातला: प्राणी पकडू नयेत, मारू नयेत अशी आज्ञा. दुसरा त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. चिक्कंबुरी इथल्या आपल्या धर्मस्थानाची नोंद त्यानं त्याच दगडावर करवली आणि तसं करताना जुन्या लेखातली अक्षरं काही ठिकाणी छिलली गेली. म. म. वा. वि. मिराशींनी हे लेख वाचले. चिक्कंबुरी म्हणजे देवटेकजवळचं आजचं चिकमारा. दगड आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात आहे. आज ज्या पट्ट्यात वाघ आणि माणूस रोज एकमेकांच्या वाटेत येतात, त्याच पट्ट्यात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी दगडावर लिहून ठेवलं होतं की जनावराला मारू नका. ध्यानाची पहिली पायरी शील, म्हणजे कुणाला दुखवायचं नाही, असं पुस्तकं सांगतात. इथं ती पायरी सरकारी हुकूम होऊन आली होती.

सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग दक्षिण कोसल देशात आला. तिथला राजा बौद्ध, शंभराच्या आसपास विहार, जवळपास दहा हजार भिक्खू, असं त्यानं लिहून ठेवलं. या देशाची राजधानी कुठली यावर १९व्या शतकातल्या इंग्रजांनी बराच काथ्याकूट केला. कोणी चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, म्हटलं, कोणी भांदक, तर कोणी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं वैरागड. आज बहुतेक अभ्यासकांचा कौल छत्तीसगडातल्या सिरपूरकडे आहे. असाच आणखी एक शिलालेख बरीच वर्षं भांदकचा म्हणून ओळखला गेला. पुढं तो छत्तीसगडातल्या आरंगचा असल्याचं अभ्यासकांनी मांडलं. त्यातली हकीकत मात्र मला विसरता येत नाही. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा महालाच्या गच्चीवरून पडून मेला. त्या दुःखातून राजानं बुद्धाचं मंदिर उभारलं. ते मोडकळीला आल्यावर पुढच्या एका राजानं, भवदेव रणकेसरीनं, त्याची डागडुजी केली. लेख आरंगचा असला तरी बाप सगळीकडचा सारखाच. दुःख आवरत नाही तेव्हा माणूस काय करतो? सूर्यघोषानं चार लोकांना बसता येईल अशी जागा बांधली.

पुढं हे सगळं विस्कटलं. ७७२ साली राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण यानं दिलेला ताम्रपट भांदकलाच सापडला; म्हणजे गाव मोठं होतं, राजाश्रय होता. पण हळूहळू देणाऱ्यांचे हात दुसरीकडे वळले. देवळं आली, मठ आले, गोंड राजांची चांद्याची राजधानी आली. लेणी तिथंच राहिली. भिक्खू नाहीसे झाले. आमच्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं की अशोकापासून आजपर्यंत इथं ध्यानाची परंपरा अखंड चालत आली आहे. तसं झालेलं नाही. मधली कित्येक शतकं विजासनला वटवाघळंच राहिली. ही खंडित गोष्ट अखंड म्हणून सांगितली तर ज्यांनी ती पुन्हा जोडली त्यांच्यावर अन्याय होतो.

ती जोडायला सुरुवात झाली १९५६ साली. १४ ऑक्टोबरला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चांदा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे धम्मदीक्षेचे सोहळे. चांद्याच्या सोहळ्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते, जे पुढं राज्यसभेचे उपसभापती झाले. माझी आजी नागभीडहून छोट्या गाडीनं चांदा फोर्टला उतरली. तेव्हा ती लाइन नॅरोगेज होती. पांढरं लुगडं शेजारणीकडून मागून नेसलेलं, पदराच्या गाठीत तांदळाची भाकर, आणि घरी हलकं धान कापणीला आलेलं. ती सांगायची, "बाबासाहेब लय दूर दिसत होते. पण आवाज आला." बावीस प्रतिज्ञा तिनं तिथं म्हटल्या, त्रिशरण-पंचशील घरी येऊन पाठ केलं आणि देव्हारा रिकामा केला.

आजीला ध्यान मात्र कोणी शिकवलं नाही. ती विहारात मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, हात जोडायची आणि उठायची. कारण उघड आहे. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. लाखो लोक बौद्ध झाले आणि शिकवायला भिक्खू बोटावर मोजण्याइतके. वर पोटापाण्याचे, शिक्षणाचे, जमिनीचे लढे होतेच. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले. ज्याच्या नावावर बांधीभर जमीन नाही त्याला डोळे मिटून बस म्हणण्याची ती वेळ नव्हती.

तरी आजीच्या पिढीनं एक गोष्ट केली आणि ती आजही आमच्या झाडीपट्टीतल्या जवळजवळ प्रत्येक बौद्ध वस्तीत चालते. वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी पावसात फिरायचं नाही, एका जागी राहायचं, हा जुना नियम. आमच्याकडे भिक्खू कमी, म्हणून तो नियम वस्तीनं उचलला. रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन. बाबासाहेबांचा हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या माघारी प्रसिद्ध झाला. आता वर्षावास आणि धानाची रोवणी एकाच वेळी येतात. दिवसभर बायका चिखलात वाकून पऱ्हे लावतात. संध्याकाळी आंघोळ करून, पायाच्या बोटांतल्या चिखल्यांना तेल लावून त्या विहारात येतात. ज्या पोरीला वाचता येतं ती वाचते, बाकीच्या ऐकतात. कमरेला आधार म्हणून भिंतीला टेकायचं, हे सगळ्यांना मान्य. वाचता वाचता कोणी पेंगते. शेजारीण कोपरानं ढोसते. पान संपलं की वाचणारी थांबते आणि कोणी सांगितलेलं नसतानाही सगळ्या थोडा वेळ गप्प बसतात. बाहेर बेडूक. मग कोणी तरी "साधू, साधू, साधू" म्हणतं आणि उठाउठ होते. समाप्तीला वर्गणीतून भोजनदान. तांदूळ घराघरातून येतो.

मला कोणी विचारलं की तुमच्याकडे ध्यान कुठं टिकलं, तर मी ही जागा दाखवीन. ध्यान असं नाव त्याला कोणी दिलं नव्हतं, एवढंच.

रीतसर ध्यान आलं ते लांबच्या वाटेनं, ब्रह्मदेशातून. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजा हद्दपार झाला, आणि संघाला पोसणारा हात गेला. तेव्हा लेडी सयाडो या भिक्खूंनी ध्यानाची रीत विहाराबाहेर, घरसंसारातल्या माणसांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या परंपरेत सया थेटजी हा शेतकरी आला, आणि त्याच्यानंतर ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल. १९५५ साली डोकेदुखीनं हैराण झालेला मंडालेचा एक मारवाडी व्यापारी रंगूनला त्यांच्याकडे शिबिराला बसला, ते सत्यनारायण गोयंका. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५४च्या डिसेंबरात, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला होते. एकाच शहरात एकानं धम्म समाजाला द्यायची तयारी चालवली होती, आणि दुसऱ्याच्या हाती लवकरच ध्यानाची रीत येणार होती. १९६९ साली गोयंका भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर झालं, १९७६ साली इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. तिथून ही रीत विदर्भात पसरली. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीजवळ अजयपूरला 'धम्म अजय' हे विपश्यना केंद्र आहे. सेवानिवृत्तीनंतर मी तिथं शिबिराला बसले.

शिबिर दहा दिवसांचं. मोबाइल जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. पहिले तीन-साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. तो लांब करायचा नाही, मोजायचा नाही, त्याच्यावर नामजप चढवायचा नाही. ऐकायला सोपं. बसल्यावर मला आधी पेन्शनची फाइल आठवली, मग सुनेशी झालेली बोलाचाली, मग पंचवीस वर्षांपूर्वी एका पोराला मारलेली छडी. श्वास एकदोनदा सापडला आणि सुटला. चौथ्या दिवसापासून विपश्यना. डोक्यापासून पायापर्यंत शरीरभर मन फिरवायचं, जी संवेदना भेटेल ती पाहायची, आवडली तरी धरायची नाही, नावडली तरी ढकलायची नाही. आणि मग अधिष्ठान: तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. माझा उजवा गुडघा पेटला. वाटलं, आता उठलं नाही तर पाय कायमचा जाईल. तसं काही झालं नाही. दुखणं वाढलं, एका जागी थांबलं, विरघळलं, परत आलं. तासाच्या शेवटी दुखणं होतंच, फक्त त्याच्यावरची माझी आरडाओरड कमी झाली होती. मनाची शांती म्हणजे माझ्या लेखी तेवढीच.

एका संध्याकाळी हॉलबाहेर वानरं खाकरायला लागली. जवळपास वाघ-बिबट्या आहे, हा त्याचा अर्थ आमच्या भागातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. श्वासावरचं लक्ष उडालं, कान दाराकडे गेले. पुढं 'भयभेरव सुत्त' वाचलं तेव्हा तो क्षण आठवला. बुद्ध त्यात आपल्याच साधनेच्या दिवसांबद्दल सांगतात: रात्री रानात एकटं असताना एखादं जनावर यायचं, मोर फांदी मोडायचा, वारा पाचोळा हलवायचा, आणि भीती यायची. चालत असताना भीती आली तर चालतच तिला आवरायचं, बसलेले असताना आली तर बसूनच. स्वतः बुद्धांना पाचोळ्याची भीती वाटायची, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पण जंगल म्हणजे सुत्तातलं चित्र नव्हे. चिमूर तालुक्यात ताडोबाच्या काठावर रामदेगी आहे. आपण बौद्ध मंडळी तिला संघारामगिरी म्हणतो. जानेवारीच्या अखेरीला तिथल्या धम्म समारंभाला लोकांची रीघ लागते. याच जंगलात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तरुणपणी साधना केली, आणि पुढं ध्यान एकट्याचं न ठेवता सामुदायिक करून गावागावांत नेलं. याच जंगलात २०१८च्या डिसेंबरात झाडाखाली ध्यानाला बसलेल्या एका तरुण भिक्खूचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यावर बाहेरच्यांनी दोन्ही प्रकारचं लिहिलं, कोणी वेडेपणा म्हटलं, कोणी त्यातून चमत्कारकथा काढली. मला दोन्ही पटलं नाही. वृक्षाच्या मुळाशी बसणं ही भिक्खूंची जुनी, मान्य साधना आहे. आणि जंगल बिबट्याचं घर आहे, हेही खरं. गडचिरोलीतल्या माडिया माणसाला विचारा. तो मोहाला, तेंदूला, सरपणाला रानात जातो, सहसा जोडीनं जातो, बोलत-खोकत जातो. एकांतासाठी रानात जाणं ही बाहेरून आलेल्यांची कल्पना आहे. ज्यांचं रान आहे ते तिथं सोबत शोधतात. विहार गावापासून फार लांब नको, हा जुना नियम मला इथं नव्यानं कळला.

आता आमच्यातलंच भांडण. माझा भाचा चळवळीतला. तो म्हणतो, "मावशी, बाबासाहेबांनी माणसं उभी केली, तुम्ही त्यांना परत बसवता. डोळे मिटले की अन्याय दिसत नाही." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. स्वतःच्या श्वासात इतकं रमायचं की शेजारच्या घरातली मारहाण ऐकू येऊ नये, असे साधक मी पाहिले आहेत. पण मी त्याला अकरावी प्रतिज्ञा दाखवते: अष्टांगिक मार्गाचा अवलंब करीन. त्या आठ अंगांत सम्यक स्मृती आहे आणि सम्यक समाधीही आहे. आजीनं चांद्याच्या मैदानात ती प्रतिज्ञा मोठ्यानं म्हटली होती. तिला सहा अंगांची संधी मिळाली, उरलेली दोन मिळाली नाहीत, कारण शिकवणारं कोणी नव्हतं. ती दोन अंगं तिच्या नातीला मिळाली तर प्रतिज्ञा पुरी होते, मोडत नाही.

आणि शिबिरात मी काय पाहिलं? फी नाही. आधीच्या शिबिरातल्या लोकांनी दिलेल्या दानावर आम्ही जेवलो; अकराला वरण-भात-भाजी, पाचला चहा-मुरमुरे. माझ्या बाजूच्या आसनावर अंगणवाडी सेविका होती, पलीकडे कोळसा खाणीत नोकरी करणाऱ्याची बायको. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "बाई, दहा दिवस दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण. लग्नानंतर पहिल्यांदा." ध्यानाच्या पुस्तकात हा लाभ कुठंच नोंदवलेला नाही. पण बाईमाणसाच्या मनाला शांतता मिळायची असेल तर आधी कोणी तरी तिची चूल सांभाळावी लागते, हे त्या एका वाक्यात आलं.

म्हणून भाच्याला माझं उत्तर एवढंच, की शांत होणं आणि समाज बांधणं ही दोन कामं आपल्या मातीत कधी वेगळी नव्हती. विजासनच्या भिक्खूला भांदकच्या घरांनी पोसलं, तो आधार गेला तेव्हा लेणं ओस पडलं. १९५६ला माणसं जोडली गेली म्हणून पुढं ध्यान परत यायला जागा झाली. आमच्या विहारात यंदाच्या वर्षावासात ग्रंथवाचन संपलं की वीस मिनिटं आनापान ठेवायचं असं बायकांच्या बैठकीत ठरलं आहे. त्यावर पहिला वाद झाला तो श्वासावर नाही, तर तेवढा वेळ लहान पोरांना कोण सांभाळणार यावर. पाळ्या लावल्या आहेत. भाच्याचं नाव सोमवारी आणि गुरुवारी आहे.